वहिनीला वेंगुर्ल्याला पोचवले

प्रिय वहिनी,

तुझी रक्षा मी तुझ्या मुलाच्या हातून हिसकावून घेतली, असे गावात बोलले जाते. पारावर बोलतात, सोसायटीच्या ओट्यावर बोलतात, आणि परवा इथे अंबाजोगाईच्या बाजारात एका ओळखीच्या बाईने मला तोंडावर विचारले. म्हणून लिहायला बसले. लोकांना उत्तरे देत बसायची मला सवय नाही, मुख्याध्यापिका असतानाही नव्हती. पण जिच्या बाबतीत हे सगळे झाले तिला तरी ते सरळ कळायला हवे की नाही?

हिसकावली नाही. पण सुखासुखी मिळाली असेही नाही. क्रमाने सांगते.

तू आमच्या घरात आलीस ती बहात्तरच्या दुष्काळात. तुझे वडील सहकार खात्यात ऑडिटर, वेंगुर्ल्याहून बदली होऊन बीडला आलेले. आमच्या सोसायटीचे दप्तर तपासायला ते उमापूरवरून गावात यायचे आणि आमच्या घरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. आमच्या वडिलांना त्या चहाचेच इतके कौतुक वाटले, की या माणसाची पोरगी आपल्या घरात आली पाहिजे असे त्यांनी ठरवून टाकले. आई म्हणाली होती, तेवढाच घरातला चहा वाचेल.

मी तेव्हा औरंगाबादला कॉलेजात. सुट्टीत आले तर घरात माझ्याच वयाची एक मुलगी, डोक्यावरचा पदर सारखा घसरणारी, मला 'वन्सं' म्हणणारी. आमच्याकडे नणंदेला आक्का म्हणतात. सगळे घर हसले. मीही हसले. तू 'माका', 'तुका' म्हणालीस की गडीमाणसे तोंडाला पंचा लावून हसायची. वर्षभरात ते बोलणे बंद झाले. तुझ्याबद्दल मला पहिले काय आठवते, तर गेवराईच्या बाजारात सुके बोंबील बघून तू म्हणालीस, "वन्सं, हे मासे दोनदा मेलेत." आणि रडायच्या ऐवजी तू हसलीस, म्हणून मीही ते विनोद म्हणूनच घेतले.

त्या उन्हाळ्यात गावाबाहेर दुष्काळी कामावर खडी फोडणे चालले होते. दादा तेव्हाच सोसायटीत पुढेपुढे करत होता, म्हणून मजुरांना सरकारी सुकडी शिजवून वाटायचे काम आपल्या घराकडे आले आणि आईने ते तुझ्याकडे दिले. तू गोणपाटाच्या सावलीत बसायचीस आणि खडी फोडणाऱ्या बायका सुकडी घ्यायला आल्या, की त्यांना वेंगुर्ले सांगायचीस.

काय काय सांगायचीस! मुंबईची आगबोट बंदरात शिरत नाही, लांब उभी राहते, आणि माणसे पडावातून तिच्यापर्यंत जातात. लाटेबरोबर पडाव खालीवर होतो आणि नेमक्या क्षणी खलाशी बाईमाणसाचा दंड धरून वर ओढतो. टेकडीवरचा दिवा. साहेबाचा बंगला, त्याच्या व्हरांड्यात बसले की सूर्य थेट ताटात बुडाल्यासारखा. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरती लाल कौले. आणि डचांची वखार! खिडक्यांचे कोनाडे एवढे खोल, की तू लहानपणी त्यात आडवी झोपायचीस. डच गेले, इंग्रज आले, त्यांनी तिथेच कचेरी थाटली, तुझे आजोबा तिथे पट्टेवाले. भिंतींना अजून मिरीचा वास येतो, आणि दुपारी एखादा टोपीवाला जिन्यावरून उतरतो, तो दिसला तर मान खाली घालायची.

बायका सुकडी खायच्या थांबायच्या. एकदा त्यातली काशीबाई म्हणाली होती, "वैनी, एवढं पानी आन् त्यात प्यायला थेंब न्हाई म्हंता. मंग तुमच्यात आन् आमच्यात फरक काय?" तू किती वेळ हसत होतीस. त्या प्रश्नाला तू उत्तर मात्र दिले नाहीस.

मी इतिहास शिकत होते, त्यामुळे माझी तुझ्याशी भांडणे व्हायची. मी म्हणायचे, तू टोपी सांगतेस, बंगला सांगतेस. त्या वखारीत पोती वाहणाऱ्यांच्या पाठी का नाही सांगत? तू म्हणायचीस, "पाठी इथे रोजच दिसतात की." वहिनी, ते उत्तर मला त्या वेळी उडवाउडवीचे वाटले होते.

पुढे साखर कारखाना आला. दादा आधी संचालक, मग चेअरमन. पहिल्या गळिताला घरातल्या बायकांना गाडीने नेले होते, आठवते? नारळ, हार, भोंगा. त्या एवढ्या मोठ्या गोदामाच्या दारात उभी राहून तू हळूच म्हणालीस, "वन्सं, ही पण वखारच."

मी रागावले. म्हटले, ही आपल्या लोकांची आहे.

"तेवढाच फरक," तू म्हणालीस आणि पदर सारखा केलास.

मग ऊस वाढला. आधी शेजारच्यांच्या विहिरी खाली गेल्या, मग आपली. नदीचे पाणी वर धरणात अडले. मी घाटनांदूरला शाळेत नोकरीला, दिवाळीला यायचे, तेव्हा दर वर्षी विहिरीचा दोर थोडा लांब झालेला असायचा. दादा सभांमधून पाण्यावर बोलायचा. चांगला बोलायचा. तू समोर बायकांत बसून ऐकायचीस.

पण त्याने तुला वेंगुर्ल्याला कधी नेले नाही. तुझे वडील गेले तेव्हा दिवसांना म्हणून तू एकदा जाऊन आलीस, तेवढेच. नंतर कधी गळिताचा हंगाम, कधी निवडणूक, कधी दुष्काळ. दादाच्या लेखी समुद्र म्हणजे वाया गेलेले पाणी. ते बघायला कोण जाते? तिकडचे घर तुझ्या भावाने विकले, भाऊ गेला, भाचा बाळू तेवढा राहिला. आणि तू? तू कधी मागितले नाहीस. का गं? आमच्याशी भांडायला तुला काय झाले होते? दोन दिवस जेवली नसतीस, तोंड फिरवून बसली असतीस, तर नेले नसते का त्याने? हा माझा तुझ्यावरचा राग आहे, आणि तो तू गेल्यावरही गेलेला नाही.

मागितलेस ते अगदी शेवटी, आणि तेही माझ्याकडे.

इथल्याच दवाखान्यात. दुपारची वेळ, दादा औषधे आणायला खाली गेलेला. तू डोळे मिटून होतीस, मला वाटले झोप लागली. आणि तू बोललीस ते जे बोलणे आम्ही हसून हसून बंद पाडले होते त्यात बोललीस. "वन्सं, माका गोदेत नको. माका दर्याक नेवन घाल."

मी म्हटले, हे दादाला सांग. मी कोण?

"तेंका सांगू नको. तेंका वायट वाटतला."

त्यानंतर तू कामाचे असे काही बोलली नाहीस.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. कलश रिवाजाप्रमाणे घरात आणला नाही, मळ्यातल्या बाभळीला टांगला. त्या बाभळीखालीच मी दादाला आणि तुझ्या सुधाकरला सांगितले, की तुला समुद्रात जायचे होते. सांगू नको म्हणालीस तरी सांगावे लागले; पण त्याला वाईट वाटेल म्हणून तू नको म्हणालीस, हे मात्र दादाला सांगितले नाही. तेवढे तुझे राखले. सुधाकर म्हणाला, आजारी माणसाचे बोलणे एवढे मनावर घ्यायचे नसते, आणि गोदावरी सोडून अस्थी कुणी एवढ्या लांब नेते का? शिवाय त्याने दहाव्याला नदीवर माणसे बोलावली होती. सोसायटीची निवडणूक तोंडावर आली आहे. तुझ्या मुलाला मी वाईट म्हणत नाही, वहिनी. तुझ्यावर त्याचा जीव होता. पण त्याला त्याच्या आईचे शेवटचे सगळे थाटात व्हायला हवे होते, आणि थाट म्हटला की तो बघायला माणसे लागतात.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. नदी कसली, वाळू. तीही उपसून नेलेली, जागोजागी खड्डे. जीपवर झेंडूत मढवलेला तुझा कलश, पुढे भोंगा, मागे पांढऱ्या कपड्यांतली माणसे. मांडव घातला होता, त्यात दादासाठी खुर्ची. बोलायला दोन पुढारी आलेले.

पिंड ठेवला आणि मागे सरतो न सरतो तोच कावळा बसला. सुधाकरचे डोळे भरून आले. मला म्हणाला, "बघा आत्या, आईचं काई ऱ्हायलेलं न्हाई."

मी म्हटले, "दुष्काळातला कावळा आहे तो, सुधाकर. भात दिसला, बसला. त्याला कुणाच्या इच्छेचे काय?"

हे मी चारचौघांत बोलायला नको होते, असे आता सगळे म्हणतात. असेल.

मग टँकर आला. कारखान्याचा, पाण्याने भरलेला. वाहत्या पाण्यात अस्थी सोडायच्या तर पाणी हवे, म्हणून सुधाकरच्या माणसांनी पात्रात मोठा खड्डा घेतला होता. पाणी वाळूत जिरू नये म्हणून त्यात निळी ताडपत्री अंथरली होती. टँकरने तो भरायचा, त्यात तुला सोडायचे, आणि त्याला गोदावरी म्हणायचे. माणसे असे करू शकतात, हे मी डोळ्यांनी बघेपर्यंत मला खरे वाटले नसते. त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते, हे त्याहून वाईट.

आणि खड्डा कुठे घेतला होता? काठावर मेंढरे राखणाऱ्यांची वस्ती आहे. त्या बायकांनी पात्रात झिरा उकरला होता. वाळूत खड्डा, तळाशी वाटी वाटी पाणी पाझरते, ते भरायचे. गुरुजी म्हणाले होते, खड्ड्यात गोदेचे स्वतःचे थोडे तरी पाणी असावे. म्हणून सुधाकरच्या माणसांनी त्यांचाच झिरा रुंद केला, त्यात ताडपत्री टाकली आणि तळाचे काढलेले पाणी वर ओतले. त्या बायका घागरी घेऊन काठावर बसून होत्या. ओरडत नव्हत्या. नुसत्या टँकरकडे बघत होत्या.

त्यातली एक म्हातारी उठून आली. गयाबाई. तुला ओळखत असेल, ती म्हणत होती, वैनीबाईच्या हातची सुकडी खाल्लीय. तिने सुधाकरच्या एका माणसाला विचारले, "दादा, ह्यात राख कालवायच्या आदी आमाला दोन दोन घागरी भरू द्या. मंग तुमाला काय करायचं ते करा."

तो म्हणाला, "ए म्हातारे, मानूस गेलंय हितं. कळतंय का तुला?"

"आमचं बी जाईल की," गयाबाई म्हणाली. "तवा कोन टँकर आननार हाय?"

सुधाकरने हे ऐकले. तो अडकला होता, वहिनी, ते मला दिसत होते. मला म्हणाला, आत्या, माणसे बोलावून बसलोय, आता मागे कसा फिरू? त्याने कलश जीपवरून उतरवून हातात घेतला. ड्रायव्हर तोटीला हात घालून उभा. मी त्याच्याकडे गेले आणि म्हटले, थांब. तो म्हणाला, बाई, मला कशाला मधी घालता, चेअरमनला विचारा.

म्हणून मी चेअरमनला विचारले.

दादा खुर्चीत बसला होता, काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. मी म्हटले, "दादा, तिला इथे नको होते, हे तुला मी बाभळीखाली सांगितले आहे. आता बघ, इथे नदीसुद्धा नाही."

त्याने वर बघितले नाही. "शकू, जलमभर संसार केला तिनं हितं. आता तिची राख तिकडं कामून न्यायची? गाव म्हनंल, चेअरमनची बायको कदी आमची झालीच न्हाई."

तेव्हा मी तेही राखले नाही. तुझे उरलेले बोलणे सांगितले. "तुझी झाली नसती तर 'त्यांना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल' असे म्हणाली नसती."

"आसं म्हनली?"

"असेच म्हणाली."

भोंग्यावर कुणीतरी माझ्या बोलण्याकडे लक्ष न देता तुझे कार्य सांगायला सुरुवात केली होती. दादा काठी टेकत उठला. सुधाकरच्या समोर जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे केले. सुधाकरने कलश सोडला नाही. बाप-लेक दोघेही तो धरून उभे. मी जवळ गेले आणि सुधाकरच्या मनगटावर हात ठेवला. गाव ज्याला हिसकावणे म्हणते ते एवढेच. त्याने हात काढले, आणि मला म्हणाला, "आई माझी व्हती, आत्या." ते खरेच होते.

दादा ड्रायव्हरला म्हणाला, "भरू दे त्यास्नी."

पुढारी बोलायचे थांबले. टँकरच्या तोटीखाली घागरींची रांग लागली, ताडपत्री काढली, आणि आमची माणसे एकेक करून गाड्यांकडे वळली. सवाष्ण गेलीस म्हणून वस्तीवरच्या दोघी-तिघींनी कलशाला हळदकुंकू लावले. गयाबाईने आपल्या घागरीतले ओंजळभर पाणी दादाच्या पायांवर घातले. लांब जायचंय, म्हणाली.

सुधाकरने जीप दिली नाही, दादाने मागितली नाही. चेअरमन आयुष्यात पहिल्यांदा एसटीने नगरला निघाले. कंडक्टर म्हणाला, आजोबा, ते भांडं वर फळीवर ठेवा. दादा म्हणाला, "ती मांडीवर बसंल." कंडक्टरने कापडाची गाठ बघितली आणि तिकीट फाडून पुढे गेला.

आपल्याकडे अस्थी नेताना वाटेत नदी लागली की गेलेल्याला सांगायचे असते, नाहीतर जीव अलीकडेच राहतो म्हणतात. मी असले काही मानत नाही. दादा मानतो. प्रत्येक पुलावर तो कलशाकडे वाकून सांगायचा, सीना आली, चल. भीमा आली, चल. सीना कोरडी, भीमेत डबकी. कृष्णेवर मात्र तो खिडकीला टेकून बघतच राहिला आणि तुला सांगायचे विसरला. मीच सांगितले. वहिनी, कृष्णा आली, चल.

"हितं पानी हाय, शकू," तो म्हणाला. तक्रार केल्यासारखे.

आंबोलीचा घाट उतरलो आणि हवा अंगाला चिकटायला लागली. वेंगुर्ल्याला बाळू स्टँडवर न्यायला आला होता. तो आता म्हातारा दिसतो. तुझे गाव तू सांगितलेस तसे आहे, आणि तसे नाही. जांभ्या दगडाच्या भिंती आहेत, काही कौले आहेत, टेकडीवरचा दिवा आहे. आगबोट कधीच बंद झाली. तुझ्या घराच्या जागी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत, गुलाबी रंगाच्या. ते मी दादाला सांगितले नाही, त्याने विचारलेही नाही.

वखार बघायची असे तोच म्हणाला. छप्पर गेले आहे. भिंतीतून झाडे उगवली आहेत, मुळांनी दगड धरून ठेवले आहेत म्हणून त्या उभ्या आहेत असे वाटते. कोनाडे खरेच खोल आहेत. मी एकाच्या कठड्यावर हात ठेवला, गार होता. मिरीचा वास नव्हता, शेळ्यांचा होता. सुंदर आहे, वहिनी, ते मला कबूल करावे लागेल. एवढे पडून सुंदर आहे.

दादाने भिंतीची जाडी काठीने मापली. हितं काय ठिवायचं, त्याने बाळूला विचारले. बाळू म्हणाला, कापड, मिरी, असा सगळा. बाहेर जायचा.

"आन् गावाला काय मिळायचं?"

"हमाली," बाळू म्हणाला.

दादा बाहेर येऊन दगडावर बसला. मग म्हणाला, "ती कारखान्याला वखार म्हनायची. मला वाटायचं, माहेरच्या कौतुकानं म्हनती."

बाळूच्या घरी हातपाय धुवायला पाणी मागितले तर त्याची बायको ओशाळली. मे महिन्यात बावीचे, म्हणजे विहिरीचे, पाणी खारे होते, ती म्हणाली. टँकर उद्या येतलो. दादाने माझ्याकडे बघितले. वहिनी, हे तू आम्हाला एकदाही सांगितले नाहीस! तुझ्या गावालाही टँकरची वाट बघावी लागते, आणि तू आमच्या दारात उभी राहून टँकर मोजायचीस तेव्हा तोंडातून चकार शब्द नाही. आम्ही तुझे गाव कमी लेखू, म्हणून? की खाऱ्या बावीची आठवण तू तिथेच ठेवून आली होतीस?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बंदरावर गेलो. बाळूने होडी ठरवली होती, दादा होडीत बसायला तयार झाला नाही. म्हणाला, वाळूवरून चालत जाईन. त्याने समुद्र पहिल्यांदा बघितला.

"ह्यो समदा खारा?"

"सगळा."

"ह्याच्यासाठी रडायची?"

मी तुला रडताना कधी बघितले नव्हते. तसे मी म्हटले.

"सनासुदीला," दादा म्हणाला. "भिताडाकडं तोंड करून. मला वाटायचं, व्हईल आपसूक बंद."

"झाले बंद?"

"झालं." त्याने कलशाची गाठ सोडायला घेतली. "तवा मला बरं वाटलं हुतं, शकू."

मी त्याची बहीण आहे. त्या क्षणी मला त्याच्याजवळ उभे राहवेना. मी दोन पावले मागे सरले आणि त्याला एकट्याला पाण्यात जाऊ दिले. तो धोतरासकट गुडघाभर पाण्यात गेला. लाट आली तसा हलला, पण पडला नाही. लग्नात मुलगी सोपवताना बोलतात तसे, मान खाली घालून, तो पाण्याशी बोलला.

"तुमची पोर आनलीय. लई उशीर केला."

आणि कलश कलता केला.

वहिनी, मी तुला खोटा दिलासा देत नाही. तुझे गाव आता तुझे राहिलेले नाही, आपले गाव तर अजून टँकरवर आहे. सुधाकर माझ्याशी बोलत नाही. तो बोलेपर्यंत मी दर सणाला त्याच्या दारात जाणार आहे, त्याने आत घेतले नाही तरी. आणि एक वचन देते. वस्तीवरच्या बायकांचा झिरा मोडला तो तुझ्या नावाने मोडला आहे. पाऊस पडेपर्यंत त्या वस्तीवर टँकर जाईल, हे मी बघेन. तहसील कचेरीत माझे तीन विद्यार्थी आहेत आणि तिघेही मला अजून भितात. नाहीच गेला, तर मी गयाबाईच्या शेजारी घागर घेऊन काठावर बसेन, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कोण ते सांगेन.

आता नोंद करून ठेवते, म्हणजे गावात विचारतील त्यांना वाचायला देता येईल.

वेंगुर्ले बंदर, सकाळ, भरती उतरत असताना. तांब्याच्या कलशातील रक्षा, सगळी, गोदेसाठी काहीही मागे न ठेवता. सोपवणारा, तिचा नवरा. घेणारा, दर्या. हजर, नणंद आणि भाचा. परत आले ते: रिकामा कलश, आणि नवऱ्याच्या धोतराला चिकटली तेवढी राख. ते धोतर त्याने धुवायला दिलेले नाही.

तुझी वन्सं,
शकुंतला